एका पॅचकॉर्डने अख्खा मजला बंद पडू नये म्हणून

महापे-रबाळेच्या ऑफिसांतला नेहमीचा ताप: टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसतं, डेटा त्यातच गोल गोल फिरत राहतो (यालाच लूप म्हणतात) आणि मजल्याचं नेटवर्क ठप्प.

मॅनेज्ड स्विचवर (ज्याच्या सेटिंग्ज बदलता येतात अशा) एवढं करून ठेवा:

१. आरएसटीपी (लूप होणारा जादाचा मार्ग आपोआप बंद ठेवणारी पद्धत) चालू करा. मुख्य स्विचची प्रायॉरिटी ३२७६८ वरून ४०९६ वर आणा; आकडा सर्वात लहान तो स्विच रूट, म्हणजे सगळ्या मार्गांचं केंद्र. सगळ्यांची सारखीच ठेवली तर सर्वात लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला (कारखान्यातून येणारा हार्डवेअर क्रमांक) रूट होतो, आणि तो बहुतेकदा कोपऱ्यातला जुनाट स्विच निघतो.

२. कॉम्प्युटर-प्रिंटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच चालू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू, म्हणजे आरएसटीपीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात तो संदेश, आला की पोर्ट बंद करणारी सेटिंग). लूप झाला की तेवढाच पोर्ट बंद होतो.

काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, म्हणून स्टॉर्म कंट्रोलही (डेटाचा पूर आला की तो रोखणारी सेटिंग) लावाच.

मात्र दोन मॅनेज्ड स्विच जोडणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड अजिबात नको. लिंकच बंद पडेल.