मोठे उद्दिष्ट, छोटे मुक्काम : मोडी शिकण्याच्या निमित्ताने

पुण्यातील कित्येक जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी या जुन्या मराठी लिपीतील कागदांचे एखादे बासन असते आणि ते कधीतरी वाचावे, अशी इच्छा घरातल्या कोणाच्या तरी मनात वर्षानुवर्षे असते. ती राहून जाते याला नेहमी आळसच कारण असतो, असे नाही. ‘मोडी शिकायची’ असे म्हटल्याने उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे ठरत नाही.

म्हणून आधी उद्दिष्ट असे लिहावे, की ते पुरे झाले की नाही हे तिऱ्हाईतालाही सांगता यावे : ‘पणजोबांच्या जमिनीचे हे 4 कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे.’

मग शेवटापासून मागे यावे आणि वाटेत काय काय आडवे येणार, ते कागदावर मांडावे. मोडीत आधी शिरोरेघ ओढून मग अक्षरे लिहितात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत आणि हात फारसा न उचलल्यामुळे अक्षरे एकमेकांत मिसळतात. त्याखेरीज मजकुरात फारसी शब्द आणि शुहूर सन या जुन्या कालगणनेतील तारखा येतात. ‘मोडी फार अवघड’ या एका भीतीच्या पोटात अशा पाच-सहा सुट्या अडचणी असतात. त्यांतील प्रत्येक अडचण ही एक पायरी.

पायरी एका बैठकीत, म्हणजे अर्ध्या तासात, संपेल एवढीच असावी. रोज 5 अक्षरे गिरवावीत, त्यानंतर बाराखडी आणि घरातल्या माणसांची नावे घ्यावीत. पुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ज्याचे बाळबोध लिप्यंतर उपलब्ध आहे असा कागद घ्यावा, लिप्यंतर झाकून 2 ओळी वाचाव्यात आणि मग ताडून पाहावे. चुकलेली अक्षरे वेगळ्या वहीत उतरवून ठेवली, की दुसऱ्या दिवशीचे काम आपोआप ठरते. ज्या पायरीवर आपले बरोबर की चूक हे त्याच दिवशी कळत नाही, ती पायरी अजून मोठी आहे असे समजून पुन्हा तोडावी.

सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात, हा आग्रह मात्र धरू नये. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून पुण्यात दोन रात्री मुक्काम करते, त्यानंतर दिवे घाट चढून सासवडचा सर्वांत लांब टप्पा गाठते आणि बहुधा तेथेही दोन दिवस थांबते. अवघड टप्प्याच्या आधी आणि नंतर विसावा ठेवण्याची ही रीत आपल्याही वेळापत्रकात असावी. जोडाक्षरांचा आठवडा संपला, की दोन दिवस केवळ उजळणी करावी. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम अंगावर न घेता, राहिलेल्या पायरीपासूनच पुढे निघावे.

आज एवढेच करावे. बासन सोडून सर्वांत स्वच्छ अक्षराचा कागद निवडावा, त्याचा मोबाइलवर फोटो काढावा, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा आणि फोटोत माथ्यावर ‘श्री’ दिसते का, ते शोधावे.