सायकॅट्रीच्या गोळ्या चालू आहेत आणि छातीत धडधडतंय? या चुका टाळा

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे एकाच माणसाच्या तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या माझ्या हातात येतात आणि त्या तिघांना एकमेकांनी काय लिहिलंय याचा पत्ताच नसतो. सायकॅट्रीच्या गोळ्यांनी हार्टला काही होतं का हे लोक हळूच विचारतात, मागे ओळखीचं कोणी उभं नाही ना ते बघून. तर बहुतेकांना काहीही होत नाही. पण यातल्या काही गोळ्या हार्टच्या करंटमध्ये थोडी ढवळाढवळ करतात, आणि खरा घोळ होतो तो त्यांच्यावर कोणीतरी दुसरी गोळी चढवली की.

करंटचं थोडक्यात सांगते. प्रत्येक ठोक्यानंतर हार्टच्या पेशींना परत चार्ज व्हावं लागतं आणि त्यासाठी पोटॅशियम पेशीबाहेर पडायला लागतं. काही औषधं ही बाहेर पडायची वाट अर्धवट अडवतात, मग चार्जिंगला वेळ लागतो आणि ईसीजीवर क्यूपासून टी लाट संपेपर्यंतचं अंतर लांबतं. याला क्यूटी म्हणतात, आणि ठोक्यांच्या स्पीडचा हिशोब घालून जो आकडा येतो तो क्यूटीसी. पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक धरतात, ५०० च्या वर गेला किंवा गोळी सुरू व्हायच्या आधीपेक्षा ६० ने वाढला की डॉक्टर गंभीरपणे बघतात. फारच लांबला तर टॉरसाड नावाची वेडीवाकडी लय सुरू होऊ शकते, माणूस उभ्याउभ्या कोसळतो, कधी स्वतःच शुद्धीवर येतो आणि कधी येत नाही.

चूक पहिली, हे असं काही वाचून रात्रीतून गोळ्या बंद करणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे म्हणून आधी सांगते. कोणीतरी व्हॉट्सॲपवर काहीतरी फॉरवर्ड करतं, माणूस घाबरतो, गोळ्या कपाटात टाकतो, चार दिवसांत गरगरायला लागतं, झोप जाते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, धडधड तर आधीपेक्षा वाढते आणि मग घरच्यांना वाटतं बघा गोळीनेच हार्ट खराब केलं! स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा पेशंट असेल तर आजार उलटायची भीती वेगळीच. शंका आली तर सायकॅट्रिस्टला फोन करा, डोस कमी करायचा का गोळी बदलायची ते तिकडे ठरू द्या. रात्री मन फारच अस्वस्थ झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि सगळ्या गोळ्या एका माळेचे मणी नाहीत. थायोरिडाझिन नावाचं जुनं अँटीसायकॉटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचं औषध, क्यूटी लांबवतं याच कारणाने मूळ कंपनीने २००५ मध्ये मागे घेतलं, झिप्रासिडोन आणि शिरेतून दिलेलं हॅलोपेरिडॉल यांच्याकडे जास्त लक्ष ठेवतात, अमिसुलप्राइडकडेही. अरिपिप्राझोल आणि लुरासिडोन बरीच सौम्य. डिप्रेशनच्या गोळ्यांत सिटालोप्रामवर अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०११ मध्ये दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी साठीच्या वरच्यांना २० ची. तिचीच बहीण एसिटालोप्राम, जी आपल्याकडे धो धो लिहिली जाते, तिच्यासाठी ब्रिटनमध्ये ६५ च्या वर १० मिलिग्रॅमच. सर्ट्रालीन यात बरीच शांत, हार्टच्या पेशंटला बऱ्याचदा तीच देतात.

चूक दुसरी, "पित्ताची गोळी म्हणजे काय औषध आहे का"

हा माझा आवडता विषय कारण यात आमचाही हात आहे. एक काकू, वय ६८, एसिटालोप्राम २० रोज, चार वर्षं एकदम व्यवस्थित. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल, तीही दोन-तीन वर्षं, आणि ती आमच्याच दुकानातून जायची, चिठ्ठी वगैरे कोण मागतंय, काकू नुसतं "ती पिवळी दे गं" म्हणायच्या आणि मी द्यायची. मग एका लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब-उलट्या, जवळच्या डॉक्टरांनी जुलाबासाठी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आणि उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहिलं. त्यांच्या बाजूने काही चुकलं असं नाही, पोट बिघडल्यावर हेच लिहितात, पण काकूंनी डोक्याची गोळी चालू आहे हे सांगितलंच नाही. लाज वाटली म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पडल्या. ईसीजीत क्यूटीसी ५१२, पोटॅशियम ३.०, म्हणजे कमी.

हिशोब बघा. एसिटालोप्राम, डॉमपेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन, ओफ्लॉक्सासिन, चारही पोटॅशियमच्या त्या बाहेर पडायच्या वाटेवर कमीजास्त अडथळा करणारी. त्यात जुलाबाने पोटॅशियम गेलेलं, वय ६८ आणि त्यात बाई, कारण बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो. एकेकटी असती तर बहुतेक काही झालं नसतं. पोटॅशियम दिलं, बाकीच्या तिन्ही गोळ्या थांबवल्या, एसिटालोप्राम त्यांच्या सायकॅट्रिस्टने १० वर आणली आणि पुढच्या आठवड्यात आकडा ४४८.

डॉमपेरिडोन म्हणजे साधं पोटाचं औषध असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, पण युरोपात २०१४ मध्येच सांगितलं गेलं की १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि तेही शक्यतो आठवडाभरच. आपल्याकडे लोक ती चहासारखी घेतात. दुसरी गंमत लेव्होसल्पिराइडची, हीसुद्धा रॅबेप्राझोलबरोबर पित्ताच्या कॅप्सूलमध्ये घालून विकतात, पण ती मुळात अमिसुलप्राइडच्याच घराण्यातली, म्हणजे आधीच अँटीसायकॉटिक चालू असलेला माणूस नकळत दुसरं घेत असतो. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल तर लिव्हरमधलं जे एन्झाइम एसिटालोप्रामचा निपटारा करतं त्यालाच ढिलं पाडतात, मग डोस तोच पण रक्तातलं प्रमाण वाढलेलं. आणि पित्ताच्या या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, ते उतरलं की पोटॅशियमही नीट टिकत नाही.

पित्ताशिवाय आणखी लक्षात ठेवायची नावं म्हणजे घशासाठीचं अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, लघवीच्या इन्फेक्शनला दिलं जाणारं लिव्होफ्लॉक्सासिन, खाजेवरचं फ्लुकोनाझोल, मलेरियाचं क्लोरोक्विन, सांधेदुखीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एमडीआर टीबीतलं (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या) बेडाक्विलिन. घ्यायचीच नाहीत असं नाही हां, लिहिणाऱ्याला आधीची गोळी माहीत पाहिजे, एवढंच.

चूक तिसरी, ईसीजीच्या कागदावर छापलेल्या ओळीने घाबरणं किंवा निश्चिंत होणं

मशीन वर एक ओळ छापतं, "क्यूटीसी वाढलेला", आणि घरात रडारड. बहुतेक मशीन बॅझेटचा फॉर्म्युला वापरतात, १९२० सालचा, आणि ठोके जलद असले की तो आकडा फुगवतो. समजा बाई घाबरलेली, ठोके १००, क्यूटी ३६०. कागदावर बारीक चौकोन मोजले तर नऊ भरतात, नेहमीच्या स्पीडला एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. बॅझेटने क्यूटीसी येतो ४६५, म्हणजे रेषेच्या वर. त्याच वर्षीच्या फ्रिडेरिशियाच्या फॉर्म्युल्याने ४२७, म्हणजे नॉर्मल. हार्ट तेच, कागद तोच! म्हणून दहा मिनिटं शांत पडून मग काढा आणि डॉक्टरांना हाताने मोजायला सांगा. उलटंही होतं, टी लाट चपटी असली की मशीन चुकीच्या जागी संपवतं आणि नॉर्मल छापतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. तो कागद थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा, कपाटात ठेवला की वर्षभरात पुसट होतो. गोळी सुरू व्हायच्या आधीचा ईसीजी हाच सगळ्यात कामाचा, कारण पुढची तुलना त्याच्याशीच करायची असते. काढल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ईसीजी प्रत्येकाने काढलाच पाहिजे का? नाही. तरुण, बाकी काही आजार नाही, एकच सौम्य गोळी, तर डॉक्टर बऱ्याचदा सांगतही नाहीत. पण साठीच्या पुढचं वय, आधीचा हार्टचा त्रास, दोन-तीन गोळ्या एकत्र, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं, यातलं काही असेल तर आपणहून विचारा. ते शेवटचं लोक सांगतच नाहीत, चुलत काका पोहताना गेले, बुडाले असतील असं वाटून सोडून दिलेलं असतं. जन्मजात लांब क्यूटी घराण्यात असू शकतो.

चूक चौथी, उपास, ऊन आणि लिथियम

बायपोलरसाठी देतात त्या लिथियमची गोष्ट वेगळी आहे, ते रक्तात जास्त झालं तर ठोके मंद करतं, आणि जास्त व्हायला फार काही लागत नाही. निर्जळी उपास, उन्हात दिवसभर चालणं, जुलाब, शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. त्यात पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की आणखी वाढतं. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी मिसळलेली असेल, हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, तरीही तेच. वारीला जाणारे एक काका लिथियमवर आहेत, त्यांना मी दरवर्षी ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉलची स्ट्रिप बांधून देते, वाटेत कोणी दुसरी दुखण्याची गोळी दिली तर घेऊ नका म्हणून दम देते. रक्तातली लिथियमची लेव्हल काढायची तर रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता जायचं, हेही अर्ध्या लोकांना कोणी सांगितलेलं नसतं, गोळी घेऊन रक्त देतात आणि आकडा भलताच येतो.

क्लोझापिन हेही अँटीसायकॉटिक, ते घेणाऱ्यांना एकच सांगते. पहिल्या दोन महिन्यांत ताप, दम लागणं, छातीत दुखणं असं काही झालं तर व्हायरल म्हणून घरी बसू नका, हार्टच्या स्नायूला सूज आलेली असू शकते.

चूक पाचवी, पडलं की "अशक्तपणा" म्हणणं

नुसती धडधड बऱ्याचदा घाबरण्याची असते, हळूहळू चढते, हातपाय थरथरतात, बोलता येत असतं. पण काही सूचना न देता शुद्ध जाणं, व्यायाम करताना किंवा दचकल्यावर पडणं, धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, हे वेगळं आहे. रक्त मेंदूला पोचलं नाही की हातपाय झटके देतात, बघणाऱ्याला फिट वाटते, कांदा हुंगवतात, मग फिटच्या गोळ्या सुरू होतात आणि ईसीजी कोणी काढतच नाही. अशा वेळी १०८ लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप उचलून न्या, रिकाम्यासुद्धा. अमिट्रिप्टिलिन किंवा डोस्युलेपिनसारख्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्या कोणी एकदम जास्त घेतल्या असतील तर माणूस ठीक दिसत असला तरी थांबायचं नाही, ताबडतोब न्यायचं.

काकू आता पर्समध्ये एक दुमडलेला कागद ठेवतात, नातवाने मोठ्या अक्षरात सगळ्या गोळ्या लिहून दिल्यात, पिवळी कॅप्सूल खोडलेली. परवा साधं व्हेपोरब घ्यायला आल्या तरी आधी कागद काउंटरवर ठेवला. मी म्हटलं, काकू, हे नुसतं चोळायचंय, घ्या.