जुना नोकिया कपाटात ठेवताय? आधी बॅटरी काढा

२००३ साली आलेला नोकिया ११०० ज्यांनी जपून ठेवलाय, त्यांनी आज एवढं कराच: मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढा. फोन बंद असला तरी लिथियम-आयन बॅटरी हळूहळू उतरत राहते. वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की फुगू शकते आणि झाकण उचलते. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघा. गरगर फिरली तर तिचं पोट सुटलंय. ती चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

धड असेल तर निम्मी चार्ज करून फोनपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

नवी बॅटरी लागली तर बीएल-५सी मागा. छोट्या रेडिओंत तीच असते, म्हणून अजून मिळते. जिओचं सिम मात्र चालणार नाही, हा फोन टूजीचा. मी बॅटरी बसवली की आधी टॉर्च लावून बघते. लोडशेडिंगच्या रात्री त्याच उजेडात आमच्याकडे पानं वाढली जायची.