एमएस्सीच्या प्रबंधासाठी काळ्या जमिनीतून मातीचे नमुने कसे घ्यावेत

टायट्रेशन चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं. पेरणीआधीचा नमुना चुकला तर पुढच्या खरिपाची वाट पाहावी लागते. मृदाशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांनी म्हणून उन्हवाही (उन्हाळी मशागत) सुरू असतानाच नमुन्यांचं गणित मांडून ठेवावं.

समजा यादृच्छिक गट रचनेत (आरबीडी) ७ उपचार (तुलना करायचे खत-मशागतीचे प्रकार) आणि ३ पुनरावृत्त्या आहेत. म्हणजे २१ वाफे. पेरणीआधी व काढणीनंतर, प्रत्येक वेळी मातीचे दोन थर (०-१५ आणि १५-३० सेंमी खोलीचे) धरले तर ८४ नमुने होतात. प्रत्येकी अर्धा किलो म्हणजे ४२ किलो माती सावलीत वाळवायला जागा लागते. वसतिगृहाच्या खोलीत ते जमत नाही. या रचनेत त्रुटीचे स्वातंत्र्यांश (एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम) १२ येतात, त्याहून कमी करू नयेत. एकाच वाफ्यातून घेतलेले तीन नमुने म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत, ही चूक मार्गदर्शकांच्या नजरेतूनही कधीकधी सुटते.

पहिला नमुना शेणखत पसरण्याआधी घ्यायचा. भारी जमीन ओली असेल तर खुरपीला चिकटते, कोरडी असेल तर सब्बलशिवाय फुटत नाही. वाफसा असला की काम सोपं. एप्रिल-मे महिन्यांत भेगांपासून हातभर दूर राहा. वरची भुसभुशीत माती भेगेतून खाली पडलेली असते, आणि मग १५-३० सेंमीच्या नमुन्यातला सेंद्रिय कर्ब उगाच जास्त दिसतो.

कडेच्या ओळी सोडून प्रत्येक वाफ्यात पाच-सहा ठिकाणं निवडा. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची, साधारण दोन सेंमीची काप काढा. वरचा भाग जाड आणि तळ निमुळता झाला, तर तो नमुना वरच्या पाच सेंमीचाच समजावा. उलंगवाडीनंतर, म्हणजे वेचणी संपल्यावर, कपाशीत नमुना घेताना पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) बुडाशी खणू नका. तिथे खत पडलेलं असतं. दोन ओळींच्या मधली जागा घ्या. प्रयोगाऐवजी शेतकऱ्यांच्या शेतांचं सर्वेक्षण असेल तर एकसारख्या तुकड्यातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणं घ्या. धुरा (बांध), उकिरडा, झाडाखालची आणि विहिरीजवळची जागा टाळा.

जस्त तपासायचं असेल तर जस्ती बादली आणि पितळी चाळणी दोन्ही वर्ज्य. प्लास्टिकचं टोपलं, स्टेनलेस स्टीलची खुरपी आणि नायलॉनची चाळणी वापरा.

या जमिनीत सर्वात फसवी गोष्ट म्हणजे स्थूल घनता (बल्क डेन्सिटी), म्हणजे पोकळ्यांसकट मोजलेल्या एक घनसेंमी मातीचं कोरडं वजन, ग्रॅममध्ये. कर्बाचा साठा टन प्रति हेक्टरमध्ये काढताना कर्बाची टक्केवारी, घनता आणि सेंमीतली खोली यांचा गुणाकार करतात: ०.५ × १.३ × १५ = ९.७५. घनता १.५ घेतली की तोच साठा ११.२५ होतो, कर्ब कणभरही न वाढता! काळी माती ओली झाली की फुगते आणि घनता कमी भरते. सुकली की आकसते आणि घनता वाढते. म्हणून दोन्ही वेळचे नमुने शक्यतो सारख्याच ओलाव्यात घ्या आणि त्या दिवसाचा ओलावा १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये २४ तास वाळवून नोंदवा. मेणाचा लेप दिलेल्या ढेकळावरून घनता काढली तर तिच्यात मोठ्या भेगा मोजल्या जात नाहीत, आकडा जास्त येतो. पद्धत कोणतीही घ्या, मध्येच बदलू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक खाच आहे. सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कर्बासाठी घातलेलं डायक्रोमेट हे रसायन क्षारांतलं क्लोराइडही खातं आणि कर्ब फुगलेला दिसतो. क्षार जास्त असतील तर आम्लात सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं. इथला चोपणपणा (सोडियमचं जादा प्रमाण) बहुधा खालच्या थरात असतो, तेव्हा ३० सेंमीवर थांबू नका, मीटरभर जा. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरदासाठी ओल्सन पद्धत योग्य. गडचिरोली-गोंदियाकडच्या आम्लधर्मी धानाच्या बांध्यांत मात्र आधी सामू पाहा, तिथे ब्रे पद्धत लागू शकते.

नमुना चतकोर पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलोवर आणा, सावलीत वाळवा, लाकडी हातोडीने फोडून २ मिमी चाळणीतून चाळा. सेंद्रिय कर्बासाठी त्यातलाच थोडा भाग ०.५ मिमीतून काढा. नायट्रेट तपासायचं असेल तर वाळवायचंच नाही. माती थेट शीतपेटीत. दोन चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, एक पिशवीत आणि एक बाहेर. बॉलपेनची शाई ओल्या मातीत पसरते.

उरलेली माती मौखिक परीक्षा होईपर्यंत फेकू नका. परीक्षकांनी एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं तर तोच नमुना पुन्हा तपासता आला पाहिजे.