श्वास आणि रक्तदाब : मेंदूच्या देठाला चकवणाऱ्या या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोरांची पैज लागते, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याची. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की ऑक्सिजनचा साठा वाढतो, अशी त्यांची समजूत असते. सगळ्यात घातक चूक हीच. साध्या श्वासातही धमनीतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं. भराभर श्वासांनी घटतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि मेंदूच्या देठातल्या (मेंदूचा पाठीच्या कण्याकडे उतरणारा तळचा भाग) चेतापेशी श्वासाची निकड ओळखतात ती मुख्यतः त्याच्याच वाढीवरून. ऑक्सिजनची खबर मानेतल्या कॅरोटिड बॉडी, म्हणजे तिथल्या धमन्यांपाशी असलेले बारीक संवेदक, देतात. या शोधासाठी कॉर्नेय हेमन्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिमीवरून ६० मिमीच्या आसपास उतरेपर्यंत त्या फारशा जाग्या होत नाहीत. त्यामुळे घुसमट जाणवण्याआधीच शुद्ध हरपते आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. घरातल्या मुलांना हे कारणासकट सांगा, नुसतं ओरडू नका.

झोपेतून ताडकन उठणं ही दुसरी चूक. उभं राहताच अर्धा लिटर किंवा जास्त रक्त पाय-पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या ताण-संवेदकांकडून हे कळताच मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूच्या देठाचा खालचा भाग, काही सेकंदांत ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. वय, जुना मधुमेह किंवा बीपीच्या गोळ्यांमुळे ही साखळी ढिली पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उठा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपीचा वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

भोवळ येऊन पडलेल्याला लोक खुर्चीत बसवतात, कांदा हुंगवतात. ठोके मंदावून, वाहिन्या सैलावून मेंदूचं रक्त कमी झालेलं असतं. बसवल्याने ते आणखी घटतं. आडवं ठेवा, पाय उचलून धरा. मानेची नाडी बघायची तर एकाच बाजूला, हलक्या हाताने. दोन्हीकडे दाबलं तर संवेदकांना रक्तदाब चढल्याचा भास होतो आणि ठोके आणखी मंदावतात.

अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर दारू किंवा झोपेची गोळी कधीच नको. श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशीच त्याने मंद होतात. असं काही घेतलेला माणूस संथ, तुटक घोरत असेल, हलवूनही जागा होत नसेल, तर गाढ झोपलाय म्हणून सोडू नका. लगेच १०८ ला फोन करा.