हत्तीचा झेब्रा होऊ नये म्हणून: चित्र-स्मॉकिंगमधल्या या चुका टाळा

भाचीच्या मुलीच्या बारशासाठी मी पांढऱ्या कॅम्ब्रिकचा फ्रॉक शिवला होता. छातीवर चित्र-स्मॉकिंगचा, म्हणजे कापडाच्या बारीक चुण्यांवर दोऱ्याने भरलेला राखाडी हत्ती, सोंडेत लाल फूल. घडी घालून डब्यात ठेवला तेव्हा हत्ती हत्तीच होता. कोथरूडच्या हॉलमध्ये बाळाला घातला, बाळाने भोकाड पसरायला छातीभर श्वास घेतला आणि हत्तीच्या पोटावर उभे पांढरे पट्टे उमटले. "झेब्रा छान जमलाय गं," नणंदबाई म्हणाल्या. फोटोत आजही झेब्राच आहे.

टाके सुबक होते, रंगही बरोबर होते. बिघडलं होतं ते चुण्यांमध्ये. तेव्हापासून ओळखीतल्या बायका आपापले फसलेले फ्रॉक माझ्याकडे घेऊन येतात आणि दहातल्या आठांना हेच सांगावं लागतं. टाका उसवून पुन्हा घालता येतो. चुणी चुकली की चित्राखालची जमीनच सरकते.

आम्हाला शिवणाच्या क्लासमध्ये स्मॉकिंग म्हणून शिकवलं ते उशीच्या अभ्र्यावरचं. उलट्या बाजूने चौकटी आखायच्या, टिंबाला टिंब जोडायचं, चुण्या आपोआप पडतात. बाळाच्या फ्रॉकवरचं इंग्लिश पद्धतीचं काम याच्या उलट चालतं: आधी सगळं कापड धावदोऱ्याने चुणून घ्यायचं, मग चुण्यांच्या माथ्यावर टाके. 18व्या-19व्या शतकात इंग्लंडमधले शेतमजूर असे अंगरखे घालत. इलॅस्टिक नव्हतं, ते काम या चुण्या करायच्या. साध्या नक्षीच्या स्मॉकिंगला तो इलॅस्टिकसारखा ताण अजून असतो. चित्राला नसतो, कारण चित्र भरताना केबल टाक्याच्या (दर चुणीवर एक आडवा टाका) ओळी एकमेकींना चिकटवून घालतो आणि तेवढी जागा घट्ट बांधली जाते. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

माप, कापड आणि टिंबं

सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण 43 सेंमी असते. स्मॉकिंगचा पुढचा पट्टा 22 सेंमीचा केला तर नक्षीला चालेल, चित्राला चालणार नाही. 24 धरा. कापड तिप्पट, म्हणजे 72 सेंमी. धावदोऱ्यासाठी टिंबं 6 मिमीवर आणि टिंबांच्या ओळी 1 सेंमीवर काढल्या की 120 चुण्या येतात. तुळशीबागेतला दुकानदार "अडीचपट पुरे हो ताई" म्हणेल. जाड पॉपलीनला पुरेही, पण कॅम्ब्रिकच्या चुण्या मग विरळ पडतात आणि दोन चुण्यांच्या खाचेतून पांढरं डोकावतं.

कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच आखा. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा आटत नाही, आणि चित्राला पोक येतं. लाल आणि गडद निळा दोरा ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग उतरला तर तो दोरा बाळाच्या कपड्याला नको.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची टिंबं धुवायच्या आधी इस्त्रीखाली आली तर पक्की बसतात. इस्त्रीच्या उष्णतेने गायब होणाऱ्या पेनवर माझा एकदा फार विश्वास बसला होता. त्या पेनने आखलेला फ्रॉक पुतण्याच्या बाळासाठी कॅनडाला गेला आणि पहिल्या हिवाळ्यात तिथल्या थंडीने सगळी टिंबं परत आणली.

पट्टे का दिसतात

फ्रॉक दोन्ही बाजूंनी धरून अगदी हलका ताणा आणि बघा.

चित्रभर सारखे पट्टे दिसले तर चुण्या फार आवळून बांधल्या होत्या. नक्षीकाम नंतर ताणून मापाला आणता येतं म्हणून ते आवळून बांधलं तरी चालतं. चित्रासाठी धावदोऱ्यांची टोकं तयार मापाच्या जवळपासच बांधावीत, चुण्या एकमेकींना टेकतील पण चेंगरणार नाहीत इतपत.

ठरावीक ओळींतच पांढरं दिसलं तर दोरा बारीक पडलाय किंवा पिळला गेलाय. लडीचा दोरा सहापदरी असतो. किनारीच्या नक्षीला तीन पदर पुरतात, चित्र भरायला चार लागतात. चारही पदर एकेक करून सुटे काढायचे आणि पुन्हा एकत्र करून ओवायचे. एकदम ओढलेले चार पदर दोरीसारखे बसतात, पसरत नाहीत. हातभर दोरा पुरे. मधूनमधून सुई लोंबती सोडली की पीळ आपोआप उलगडतो.

चित्राच्या आजूबाजूच्या चुण्या पंख्यासारख्या फाकल्या तर उलट बाजूचं काम राहिलंय. माझ्या हत्तीचं हेही राहिलं होतं. चित्राभोवती पुढून मोकळी दिसणारी जागा मागून बांधावी लागते: कापडाच्याच रंगाचा एक किंवा दोन पदर घेऊन, उलट बाजूने, प्रत्येक ओळीवर केबल टाका, सुई पुढे डोकावू न देता. कंटाळवाणं काम आहे आणि कौतुक कोणी करत नाही, म्हणून मी ते चित्राच्या आधीच उरकते.

चौथा प्रकार पट्ट्यांचा नाही, भोकांचा. केबल टाक्यात सुई आडवी ठेवून चुणीच्या वरच्या तिसऱ्या भागातून उजवीकडून डावीकडे घालतो, दोरा एकदा सुईच्या वर, एकदा खाली. ओळ संपली की काम उलटं फिरवून परतीची ओळ घालायची. गोंधळ इथे होतो, कारण काम फिरवलं की आधीच्या ओळीतला 'वर' आता 'खाली' दिसतो. आठवणीवर जाऊ नका. काम आत्ता हातात जसं आहे तसं बघा. आधीच्या ओळीचा टाका ज्या खाचेवर वर चढलाय, तिथे नवीन ओळीचाही वरच चढला पाहिजे. तसं झालं की ओळी छपरावरच्या कौलांसारख्या एकीत एक बसतात. नाहीतर मधे शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं पडतात. पहिल्या तीन टाक्यांतच हे कळतं, आणि तीनच टाके उसवायला जड जात नाही. तीन ओळींनंतर कळलं तर मात्र चहा करून घ्या.

धावदोऱ्यातून सुई गेली तर तो शेवटी ओढून निघत नाही. मग नखाएवढ्या कात्रीने तुकडे करत बसावं लागतं.

बगल कापताना

स्मॉकिंगच्या पट्ट्यातून बगलेचा गोल कापला की कापलेल्या जागचे टाके भराभरा सुटतात. आधी आखलेल्या रेषेच्या आत मशीनच्या दोन टिपा मारा, मग कात्री लावा. आणि चित्र बगलेच्या जवळ नेऊच नका. हत्तीचं शेपूट शिवणीत गेलेलं मी पाहिलंय.

इस्त्री थेट टेकवायची नाही. जाड चादरीच्या घडीवर पट्टा मापाला ताणून टाचण्या लावायच्या, वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरून फिरवायची, पूर्ण गार होऊ द्यायचं. मग धावदोरे काढायचे. सगळ्यात वरचा मात्र गळा जोडेपर्यंत ठेवायचा.

आतल्या गाठी बाळाला टोचतात आणि लांब सोडलेल्या दोऱ्यांत चिमुकली बोटं अडकतात. आतून मलमलचं अस्तर लावा, पण फक्त चित्रापुरतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये पूर्ण अस्तराचा फ्रॉक घातलात तर बाळ तुम्हाला माफ करणार नाही.

तो झेब्रा मी नंतर दुरुस्त केला. चित्र उसवलं नाही. आतून एकपदरी केबलने मोकळ्या चुण्या बांधल्या आणि पोटावर जिथे पट्टे दिसत होते तिथे राखाडी दोऱ्याची एकेक ओळ वरून घातली. दोन दुपारी गेल्या. नणंदबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून, खिडकीशी धरून पाहिला. "आता हत्ती वाटतोय. पण सोंड फार रोडावलीय गं."

सोंडेला मी तीनच पदर घेतले होते.