क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं: घरच्या पोहण्याच्या तलावाची निगा

सगळ्यात आधी तलावात किती लिटर पाणी मावतं ते काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून त्याला 1000 ने गुणा. हा आकडा पंपाजवळ ठळक लिहून ठेवा. 50,000 लिटरच्या तलावात क्लोरीन 1 पीपीएमने (म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅमने) वाढवायला 50 ग्रॅम निव्वळ क्लोरीन लागतं, म्हणजे 10 टक्क्यांचं द्रव क्लोरीन साधारण अर्धा लिटर. "दोन मग टाका" असं सांगणाऱ्याला तुमचा तलाव केवढा आहे हे माहीत नसतं.

पानं-कचरा रोज जाळीने काढा, आठवड्यातून एकदा भिंती घासा, फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा चौथाईने चढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुवा.

मग पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. तो 7.2 ते 7.8 च्या मध्ये राहू द्या. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, 80 ते 120 पीपीएम ठेवली की पीएच फार उड्या मारत नाही. ती कमी पडली तर खाण्याचा सोडा चालतो. पीएच उतरवायला ॲसिड वापरताना हातमोजे आणि चष्मा घाला, पंप चालू ठेवा, ॲसिड थोडं थोडं पाण्यात सोडा. ॲसिडच्या भांड्यात पाणी कधीही ओतू नका.

इथपर्यंत कुणालाही जमतं. मी अडलो ते पुढच्या गोष्टीवर: स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड.

उघड्या तलावातलं क्लोरीन कडक उन्हात काही तासांतच बरंचसं उडून जातं. स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतो, म्हणून तो 30 ते 50 पीपीएम हवाच. पण क्लोरीन धरून ठेवतो म्हणजे त्याचे हातही बांधतो. स्टॅबिलायझर जितका जास्त, तितकं तेच क्लोरीन मंद. सलग दोन उन्हाळे माझ्या तलावात चाचणी 3 पीपीएम क्लोरीन दाखवायची आणि पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. दुकानात विचारलं की उत्तर एकच: शेवाळनाशक घ्या, गोळ्या वाढवा. त्या गोळ्याच मूळ दुखणं होत्या.

तरंगत्या डब्यात टाकायच्या त्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र असलेल्या रसायनाच्या. त्यांच्यातून 10 पीपीएम क्लोरीन आलं की सोबत सुमारे 6 पीपीएम स्टॅबिलायझर येतो. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर मात्र जवळजवळ सगळा मागे उरतो. पाण्याची वाफ झाली तरी तो तलावातच राहतो. रोज 2 पीपीएम क्लोरीनच्या हिशेबाने 100 दिवसांत 120 पीपीएम जमा होतो, आणि एवढं साचण्याआधी पाण्याकडे पाहून काहीच कळत नाही. म्हणून माझं ठाम मत: रोजच्या वापराला द्रव क्लोरीनच घ्या. गोळ्या गावाला जाण्याच्या आठवड्यापुरत्या.

स्टॅबिलायझर मोजायला तळाशी काळा ठिपका असलेली चाचणीची नळी वापरा. चाचणी पट्टीच्या रंगावर मी विसंबत नाही. तलावाच्या पाण्यात चाचणीचं रसायन मिसळून ते गढूळ होऊ द्या, मग भर दिवसा, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून ते तिच्यात ओता आणि वरून ठिपक्याकडे बघा. ठिपका दिसेनासा झाला की थांबा. टक लावून शोधलात तर तो दिसतच राहतो आणि आकडा चुकतो. वाचन 100 च्या वर जात असेल तर नमुन्यात तितकंच नळाचं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा.

मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून खर्च न झालेलं क्लोरीन, मी स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के धरतो. 40 असेल तर 3 पीपीएम, 120 असेल तर 9. माझे ते 3 पीपीएम का पुरत नव्हते, हे ही आकडेमोड केल्यावर उमगलं.

जास्तीचा स्टॅबिलायझर काढायला पाणी बदलणं हाच खात्रीचा उपाय. 120 असताना निम्मं पाणी काढून नवं भरलं की 60, पुन्हा निम्मं बदललं की 30. पण तलाव एकदम रिकामा करू नका. जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.

मगच शेवाळ मारायला घ्या. संध्याकाळी क्लोरीन स्टॅबिलायझरच्या 40 टक्क्यांपर्यंत चढवा, 40 ला 16 पीपीएम. भिंती घासा, पंप सतत चालू ठेवा, खाली आलेलं क्लोरीन पुन्हा त्या पातळीवर आणत राहा. या दिवसांत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. ब्लीचिंगचे दाणे वापरत असाल तर ते ट्रायक्लोरच्या डब्यात किंवा त्याच मापात कधीही पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की पेट घेतात, स्फोटही होतो.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीतून 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे. आणखी एक दिवस क्लोरीन चढतंच ठेवा आणि रात्री पुन्हा मोजा.